निर्णय ज्याच्या हातात, त्याच्यापुढे बोला

पर्यावरण विषयाचा गटप्रकल्प करणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना खुले पत्र

प्रिय विद्यार्थिमित्रांनो,

सूचनाफलकावर पर्यावरण प्रकल्पाच्या गटांची यादी लागली असेल. पाच-सहा जण, एक विषय, दहा मिनिटांचं सादरीकरण आणि शेवटी फाइल जमा करायची, असा सगळा कार्यक्रम. अशा सादरीकरणांना मी कित्येक वर्षं परीक्षक म्हणून बसते आहे. तुमच्या कळकळीबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. गावच्या नदीबद्दल बोलताना एखाद्या मुलीचा आवाज कापतो, ते खरंच असतं. तरीही सभागृहातून बाहेर पडताना बहुतेक वेळा मनात एक प्रश्न उरतो: यांना नेमकं कुणाकडून काय हवं होतं?

पडद्यावर पृथ्वीचा गोल येतो, वितळणारं बर्फ येतं, उकिरड्यावरची गाय येते. मग प्रदूषणाची व्याख्या, प्रकार, कारणं, परिणाम, उपाय. शेवटच्या स्लाइडवर ‘चला, आपण सर्वांनी मिळून पर्यावरण वाचवूया’. टाळ्या होतात, गुण मिळतात, आणि नदी होती तशीच वाहत राहते. ‘आपण सर्वांनी’ म्हटलं की ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, हे दुसऱ्या कुणासाठी आहे.

म्हणून हे पत्र. माझं म्हणणं थोडक्यात असं: पर्यावरणाचा प्रश्न सोडवण्यासाठी केलेलं सादरीकरण म्हणजे एका ठरावीक माणसाकडे, त्याच्या हातात असलेल्या एका ठरावीक निर्णयाची केलेली मागणी. तो माणूस कोण आणि तो निर्णय कोणता, हे आधी ठरवा. बाकीची सगळी तयारी तिथून उलटी मागे येत करा. काय मोजायचं, कुणाला भेटायचं, कोणता आकडा दाखवायचा आणि कोणता गाळायचा, याची उत्तरं त्या एका निर्णयातूनच मिळतात.

हा विषय तुमच्या अभ्यासक्रमात आला तोसुद्धा अशाच एका मागणीमुळे. एम. सी. मेहता या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले. अंमलबजावणी रखडली, तेव्हा प्रकरण पुन्हा न्यायालयापुढे गेलं आणि २००३ मध्ये पुन्हा आदेश निघाले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीसाठी सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या इराक भरुचा यांनी लिहिलं. त्या आराखड्यात प्रत्यक्ष जागेवर जाऊन करायच्या कामालाही गुण ठेवले होते. म्हणजे वर्गाबाहेर पडून पाहणं हा या विषयाचा पहिल्यापासूनचा भाग आहे. नेटवरून उतरवलेल्या पंचवीस स्लाइडनी ती जागा भरून निघत नाही.

आता एक विषय घेऊन शेवटपर्यंत जाऊ. तुमच्यातले पुष्कळ गट दरवर्षी निवडतात तोच घेते: गणेशमूर्तींचं विसर्जन आणि प्लास्टर ऑफ पॅरिस. विषय जुना आहे म्हणून टाळू नका. विज्ञान, श्रद्धा, पोटापाण्याचा धंदा आणि कायदा हे चारही यात एकमेकांत गुंतलेले आहेत. हे नीट मांडता आलं तर दुसरा कोणताही विषय जमेल.

पहिलं काम, ऐकणारा निवडा. मूर्तीचा निर्णय कुणाकुणाच्या हातात असतो? घरची मूर्ती कोणती आणायची हे घरात ठरतं. सार्वजनिक मूर्तीचं मंडळाच्या कार्यकारिणीत ठरतं. विसर्जन हौदात, टाकीत की नदीवर, याची सोय महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय किंवा नगरपालिका बघते. गावात ग्रामपंचायत असते, आणि ग्रामसभा विषय घेऊ शकते. सोसायटीच्या आवारात काय होईल ते व्यवस्थापक समिती ठरवते. या प्रत्येकाची भीती वेगळी, सोय वेगळी आणि अधिकारही वेगळा. पाचही जणांना एकाच सादरीकरणात पटवायला गेलात तर एकालाही पटणार नाही. एक निवडा. ज्याच्यापर्यंत तुम्ही खरोखर पोहोचू शकता, असाच निवडा. मुख्यमंत्र्यांकडे मागणी करणं सोपं असतं, कारण ते ऐकायला येणार नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं. तुमच्या गटातल्या एकाच्या सोसायटीचे सचिव मात्र येतील, आणि प्रश्नही विचारतील.

समजा, तुम्ही सोसायटी निवडलीत. आता मागणी एका वाक्यात लिहा, आणि त्या वाक्यात कर्ता, काम, जागा आणि मुदत असू द्या. ‘सोसायटीने पर्यावरणपूरक विसर्जन करावं’ हे वाक्य चालणार नाही, कारण त्यावर हात वर करून मतदान घेता येत नाही. ‘व्यवस्थापक समितीने पुढच्या अनंत चतुर्दशीच्या आधी आवारात विसर्जनाची दोन पिंपं ठेवावीत, एक मातीच्या मूर्तींसाठी आणि एक प्लास्टरच्या मूर्तींसाठी, आणि त्याचा खर्च उत्सव निधीतून करावा’ हे वाक्य चालेल. यावर होय म्हणता येतं, नाही म्हणता येतं, दुरुस्ती सुचवता येते. इतिवृत्तात ठराव म्हणून जसंच्या तसं उतरवता येईल अशी मागणी लिहा.

मुदतीचं भान विशेष ठेवा. मंडळाला भाद्रपदात शाडूच्या मातीचं महत्त्व सांगून उपयोग नसतो, कारण मोठ्या मूर्तीचा विसार कितीतरी आधीच दिलेला असतो. पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत मूर्तिकाम जवळपास वर्षभर चालतं. घरच्या मूर्तीही पुष्कळ जण आषाढ-श्रावणात ठरवून येतात. तुमचं सत्र जून-जुलैत सुरू होतं, विसर्जन ऑगस्ट-सप्टेंबरात होतं आणि सादरीकरण त्यानंतर असतं. यंदा मोजा आणि पुढच्या वर्षासाठी मागा, म्हणजे हे वेळापत्रक तुमच्याच कामी येईल. सहकारी गृहनिर्माण संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यायची असते. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास भरतात. तुमच्या प्रकल्पाच्या नियोजनाच्या तक्त्यात या तारखा पहिल्या ओळीत हव्यात. पालिकेकडून काही माहिती हवी असेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, आणि शेवटच्या पंधरवड्यात केलेला अर्ज तुम्हाला पुढच्या सत्रातच उत्तर देईल.

आता पुरावा. इथेच बहुतेक गट घसरतात, आणि घसरतात ते अतिशयोक्तीमुळे. ‘प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळतच नाही’ असं वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. ते चुकीचं आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे तापवून बहुतेक पाणी काढून टाकलेलं जिप्सम. त्यात पाणी मिसळलं की ते पुन्हा जिप्सम होऊन घट्ट बसतं. जिप्सम पाण्यात विरघळतं, पण फार थोडं: लिटरला दोन ते अडीच ग्रॅम. म्हणजे दोन किलोची मूर्ती पूर्ण विरघळायला निदान आठशे लिटर स्वच्छ पाणी लागेल, आणि तेही पुष्कळ सावकाश. बादलीत ती का विरघळत नाही आणि तळ्याच्या काठाशी महिनोन्‌महिने का पडून राहते, हे या एका आकड्याने कळतं. ‘विरघळतच नाही’ म्हणालात तर रसायनशास्त्राची पदवी घेतलेला एखादा सभासद उठून तुमचं वाक्य खोडून काढेल, आणि त्यानंतर तुमच्या खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही. खरा आकडा तुमच्या बाजूचाच आहे. त्याला फुगवायची गरज नाही.

मूर्तीवरचे रंग हा निराळा प्रश्न आहे. काही रंगांत शिसं, कॅडमियम, क्रोमियमसारखे जड धातू असू शकतात. पण ‘असू शकतात’ आणि ‘आमच्या तळ्यात आहेत’ यांत मोठं अंतर आहे. धातू मोजायची सोय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नसेल तर तो दावा करू नका. मोजता येईल ते मोजा. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने बीएस्सीच्या प्रयोगशाळेत मोजता येतो. मात्र नमुना घेतल्यावर मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड जागच्या जागी, काठावरच बाटलीत घालावं लागतं. बाटली तशीच बसमधून आणून दुसऱ्या दिवशी मोजलीत तर तो आकडा नदीचा राहत नाही. गढूळपणा आणि कॅल्शियममुळे येणारा पाण्याचा कठीणपणाही मोजता येतो.

नमुना कधी आणि कुठे घ्यायचा, हे त्याहून महत्त्वाचं. विसर्जनाआधी, विसर्जनाच्या दिवशी आणि नंतर अशी तीन टप्प्यांतली तपासणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांतही सांगितलेली आहे. पण गणपतीचे दिवस पावसाचे असतात. पुण्यात तर याच दिवसांत खडकवासला धरणातून मुठा नदीत पाणी सोडलं गेलेलं असू शकतं. आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांतला फरक विसर्जनामुळे पडला की पाण्याच्या लोंढ्यामुळे, हे कसं ओळखायचं? त्यासाठी एकाच दिवशी घाटाच्या वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, असे दोन ठिकाणचे नमुने घ्या. आणि फरक दिसला नाही तर तसंच सांगा. वाहत्या नदीत फरक कमी आणि बंदिस्त तळ्यात जास्त, असं तुम्हाला आढळू शकेल. तसं आढळलं तर तुमची मागणी आपोआप अधिक नेमकी होईल: आधी तळी वाचवा.

आता उपाय. इथे पुण्याचं एक काम तुमच्या मदतीला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टरच्या मूर्ती घरच्या घरी विरघळवण्यासाठी अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत सुचवली. बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात तेच हे रसायन. पुणे महापालिकेने ते उत्सवाच्या दिवसांत नागरिकांना मोफत वाटलंही. साधारण मूर्तीच्या वजनाइतकं बायकार्बोनेट पाण्यात घालून मूर्ती त्यात ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं. घरच्या लहान मूर्तीला साधारण दोन दिवस पुरतात. वजनास वजन का, हे तुम्ही फळ्यावर मांडून दाखवा. जिप्समचा रेणुभार १७२, बायकार्बोनेटचा ७९, आणि एका रेणूला दोन लागतात, म्हणजे १५८. हिशेब जवळजवळ बरोबरीचा येतो. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूसारखी पांढरी भुकटी बसते आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं. ते खत आहे.

बहुतेक गट इथे थांबतात आणि टाळ्या घेतात. तुम्ही थांबू नका. समितीतला जाणता माणूस पुढचा प्रश्न विचारणारच: ‘मग त्या पाण्याचं काय करायचं?’ चाळीस घरांची सोसायटी आणि प्रत्येकी दोन किलोची प्लास्टरची मूर्ती धरा. बायकार्बोनेट लागेल सुमारे पंचाहत्तर किलो. त्यातून तयार होईल साठेक किलो अमोनियम सल्फेट. एवढं खत एकाच दिवशी बागेतल्या चार झाडांना घातलंत तर झाडं जळतील. गटारात सोडलंत तर ते नदीतच जाईल, आणि शेवाळ आणि जलपर्णीला तेच हवं असतं. म्हणजे नदी वाचवायच्या नावाखाली तुम्ही नदीला नत्र पाजाल. उत्तर आहे, पण ते आधीच शोधून ठेवायला हवं: पाणी भरपूर पातळ करून थोडं थोडं वापरायचं, जवळच्या रोपवाटिकेशी किंवा शेतकऱ्याशी आधी बोलून ठेवायचं, पिंप उघड्यावर ठेवायचं कारण अमोनियाचा उग्र वास येतो, झाकण घट्ट लावायचं नाही कारण कार्बन डायऑक्साइड सुटतो. पांढरी भुकटी कोण नेणार तेही सांगा. आपल्या उपायाचे दोष आपणच आधी सांगणारा गट मला आजवर फार थोड्या वेळा भेटला आहे. ज्या वेळी भेटला, त्या वेळी समोरची माणसं पुढे सरसावून ऐकू लागलेली मी पाहिली आहेत.

शाडूबद्दलही हाच प्रामाणिकपणा ठेवा. शाडू पाण्यात चटकन भिजून सुटी होते, पण ती जमिनीतून खणून काढलेली माती आहे, आणि हजारो मूर्तींची माती एका तळ्यात गेली तर ते गाळाने भरतं. म्हणूनच पुण्यात ‘पुनरावर्तन’सारखे उपक्रम विसर्जनानंतरची शाडू गोळा करून पुन्हा मूर्तिकारांकडे पोहोचवतात. मातीच्या मूर्तींसाठी वेगळं पिंप मागायचं कारण हेच. ती माती पुन्हा वापरात आणता येते.

आता दुसरी बाजू. पटवून द्यायचं असेल तर ज्याला तुमचा उपाय महागात पडणार आहे त्याला आधी भेटा. मूर्तिकार प्लास्टर का वापरतो? ते हलकं असतं, साच्यातून लवकर निघतं, पावसाळ्याच्या दमट हवेतही वाळतं आणि ट्रकमधून न फुटता जातं. शाडूची मूर्ती जड, वाळायला वेळ घेणारी, प्रवासात तडकणारी, आणि म्हणून महाग. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित सूचना काढून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, तेव्हा ज्यांनी कर्ज काढून साचे केले होते त्यांच्या कारखान्यांत काय झालं, हे मूर्तिकाराच्या तोंडून ऐका. त्यांना खलनायक करणारी एकही स्लाइड तुमच्या सादरीकरणात नको. उलट त्यांची अडचण त्यांच्याच शब्दांत दाखवा आणि विचारा: उंची कमी केली तर? मूर्तीची नोंदणी करून विसार तीन महिने आधी दिला तर शाडूला वाळायला वेळ मिळेल का? सोसायटीने चाळीस मूर्ती एकत्र मागवल्या तर दर किती पडेल? तुमच्या गावातल्या मूर्तिकाराने स्वतः सांगितलेला दर हा जगातल्या कुठल्याही अहवालापेक्षा समितीला जास्त पटेल.

आणि श्रद्धेचं काय? ‘बाप्पाला बादलीत बुडवायचं?’ हा प्रश्न कुठल्यातरी आजी विचारतील. त्याला हसू नका आणि विज्ञानाने उत्तर देऊ नका, कारण तो प्रश्न विज्ञानाचा नाही. दहा दिवस घरातला म्हणून राहिलेल्या गणपतीला निरोप देताना माणसाचं मन भरून येतं, आणि तो निरोप मानाने व्हावा एवढंच आजींना हवं असतं. तेव्हा पिंप कसं असेल ते सांगा: स्वच्छ धुतलेलं, फुलांनी सजवलेलं, आरतीला जागा असलेलं, आवारातल्या मुलांना जवळून पाहता येईल असं. कोकणात आणि गोव्यात मातीचा गणपती आणण्याची चाल घराघरांत आजही आहे, तिची आठवण करून द्या. आजींना पटलं तर घरात पटलं.

एकच मागणी, तीही लहान, किती लांब जाते याचं एक उदाहरण द्यावंसं वाटतं. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. वापरलेले सॅनिटरी पॅड आणि डायपर कचऱ्यात सुटेच मिसळून येत, आणि ते वेगळे करणारे हात बायकांचे होते. संस्थेने आरोग्याच्या धोक्यांवर लांबलचक व्याख्यानं देत बसण्याऐवजी घरांकडे एक गोष्ट मागितली: पॅड कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. त्यासाठी कुणाला पैसे खर्च करायचे नव्हते की कुठे जायचं नव्हतं. मागणी एवढी सोपी असली की नाही म्हणायला कारण उरत नाही. आणि त्या ठिपक्यामुळे पुडकं उघडण्याआधीच कचरा वेचणाऱ्या बाईला कळतं, आत काय आहे.

दुसरं उदाहरण गटाचं आहे. केरळात कुंतीपुळा नदीवर सायलेंट व्हॅलीत १२० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प येणार होता. केरळ शास्त्र साहित्य परिषदेच्या पाच जणांनी १९७९ मध्ये त्याचं परीक्षण करून अहवाल काढला. त्या पाचांत जीवशास्त्राचा अभ्यासक होता, तसेच अभियंते, शेतीतज्ज्ञ आणि अर्थतज्ज्ञही होते. जंगल वाचवा एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. उत्तर केरळाला वीज हवी आहे ही गरज त्यांनी मान्य केली आणि ती दुसऱ्या मार्गाने कशी भागेल याचा हिशेब मांडला. आंदोलन पुष्कळांनी चालवलं, कवींनी चालवलं, शास्त्रज्ञांनी चालवलं, आणि त्याला या हिशेबाचा आधार होता. पुढे प्रकल्प रद्द झाला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. तुमच्या गटात वाणिज्य शाखेचा मुलगा असेल तर त्याला फक्त फाइलचं मुखपृष्ठ देऊ नका. त्याला खर्चाचं पान द्या. ते पान सगळ्यात आधी वाचलं जाईल.

यावरून कामाच्या वाटणीकडे येते. एकाने माहिती शोधायची, एकीने पीपीटी करायची, जो धीट आहे त्याने बोलायचं आणि उरलेल्यांनी मागे उभं राहायचं, ही वाटणी मोडा. प्रश्नांप्रमाणे वाटणी करा. एक जण पाण्याचे नमुने आणि त्यांची नोंद सांभाळेल. एक जण मूर्तिकार, घरं आणि मंडळांशी बोलेल. एक जण नियम, पालिकेची व्यवस्था आणि माहितीचा अर्ज बघेल. एक जण खर्च. आणि एक जण, गटातला सगळ्यात तीक्ष्ण, विरोधी बाजू घेईल. त्याचं काम पहिल्या दिवसापासून एकच: तुमच्या प्रत्येक वाक्यावर ‘कशावरून?’ आणि ‘मग पुढे काय?’ असं विचारायचं. दर आठवड्याला अर्धा तास सगळ्यांनी एकत्र बसायचं, आणि जो दावा त्याच्या प्रश्नापुढे टिकणार नाही तो काढून टाकायचा. ज्याने जे काम केलं त्यानेच ते बोलायचं. काठावर उभं राहून बाटली भरलेल्या मुलीच्या तोंडून तो आकडा वेगळा ऐकू येतो, मग तिचं इंग्रजी कसंही असो. आणि सोसायटीपुढे, ग्रामसभेपुढे बोलायचं आहे तर मराठीतच बोला. परीक्षकासाठी इंग्रजी आणि गावासाठी मराठी अशी दोन सादरीकरणं करायची वेळ आली तर गावाचं आधी तयार करा.

दहा मिनिटं कशी वापरायची तेही सांगते. पहिल्या मिनिटात मागणी सांगून टाका. ती शेवटासाठी राखून ठेवू नका. आपल्याकडून काय हवं आहे हे माहीत असलेला माणूस पुढचं सगळं त्या नजरेने ऐकतो. पुढची दोन मिनिटं तुमच्या तळ्याची, तुमच्या घाटाची स्थिती, तुम्ही स्वतः मोजलेल्या दोन-तीन आकड्यांसह. मग तीन मिनिटं उपाय, त्याच्या दोषांसकट. दोन मिनिटं मूर्तिकार आणि भाविक. एक मिनिट खर्च, एका तक्त्यात. शेवटच्या मिनिटात मागणीचं तेच वाक्य पुन्हा, शब्दही न बदलता, आणि सोबत ठरावाचा छापील मसुदा समोरच्याच्या हातात. स्लाइड सहा-सात पुरतात. जागतिक तापमानवाढीला यात जागा नाही. ती महत्त्वाची आहे, पण सचिवांच्या हातात ती नाही आणि पिंपं आहेत. फोटो तुम्ही काढलेलेच हवेत. दुसऱ्या खंडातल्या कासवाच्या फोटोपेक्षा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा तुमच्या घाटाचा फोटो समोरच्याला जास्त बोलका वाटेल, कारण त्या पायऱ्या त्याने ओळखलेल्या असतील.

तालीम आपल्याच मित्रांपुढे करू नका, ते कौतुकच करतील. घरातल्या, शेजारच्या, तुमच्याशी सहमत नसलेल्या माणसांपुढे करा. त्यांचे प्रश्न लिहून घ्या. ज्याचं उत्तर नाही त्याला ‘हे आम्ही तपासलेलं नाही, पुढच्या सोमवारपर्यंत कळवतो’ असं सांगायला शिका, आणि सोमवारी खरोखर कळवा.

तुमच्या प्राध्यापकांनाही दोन शब्द. गुणांची वाटणी करताना स्लाइडची सजावट आणि वक्तृत्व यांना जेवढे गुण देता, निदान तेवढे मागणीच्या नेमकेपणाला आणि विरोधी बाजू ऐकून घेण्याला द्या. सादरीकरणाच्या दिवशी परीक्षकांच्या शेजारी एक खुर्ची त्या माणसासाठी ठेवा, ज्याच्या हातात निर्णय आहे: सोसायटीचे सचिव, मंडळाचे अध्यक्ष, सरपंच, क्षेत्रीय कार्यालयातले आरोग्य निरीक्षक. ते येणार आहेत हे कळल्यावर विद्यार्थी वेगळीच तयारी करतात. आणि ते आले नाहीत तर विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे घेऊन जा.

मित्रांनो, समिती तुमच्या मागणीला नाही म्हणेल, ही शक्यता मोठी आहे. कदाचित दोनऐवजी एक पिंप मान्य करेल. कदाचित ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणेल. तेही इतिवृत्तात लिहून घ्या, कारण पुढच्या वर्षीचा गट तिथून सुरुवात करेल. त्यांच्यासाठी तुमचे नमुन्यांचे आकडे, मूर्तिकाराचा दर, न सुटलेले प्रश्न आणि भेटलेल्या माणसांची नावं, त्यांची परवानगी घेऊन, विभागाच्या कपाटात नीट ठेवा. एका तळ्याचे सलग काही वर्षांचे आकडे ज्या महाविद्यालयाकडे असतील, त्याच्याकडे पालिकेला दुर्लक्ष करता येणार नाही.

तेव्हा या आठवड्यात गटाची पहिली बैठक घ्याल, तेव्हा विषयाचं नाव लिहू नका. कागदाच्या वरच्या बाजूला एका माणसाचं पद लिहा, त्याखाली त्याच्याकडे मागायचा निर्णय लिहा, आणि त्यापुढे त्याच्याशी भेटीची तारीख लिहा. ती तारीख ठरल्याशिवाय पहिली स्लाइड उघडू नका.

तुमची,
पर्यावरण प्रकल्पांची एक परीक्षक